दोन चाकी ट्रॉलीची पुनर्बांधणी: भेग कुठे पडते आणि का

दुरुस्तीला येणाऱ्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीला भेगा ठरलेल्या तीन जागी सापडतात. ट्रॅक्टरला जोडणारी दांडी हौद्याला, म्हणजे माल भरायच्या भागाला, जोडलेली असते तिथे, पाट्यांना (स्प्रिंगना) धरणाऱ्या हँगरच्या कडेला, आणि आधीच्या दुरुस्तीत मारलेल्या पट्टीच्या टोकाशी. यातली तिसरी जागा सर्वांत जास्त शिकवते. पट्टी मारली की तेवढा भाग ताठ होतो, शेजारचा जुना चॅनेल, म्हणजे एका बाजूनं उघडा लोखंडी गज, मात्र पहिल्याइतकाच वाकत राहतो, आणि प्रत्येक हिसक्याला सगळा वाक त्या दोहोंच्या सीमेवर गोळा होतो. वर्ष-दोन वर्षांत तिथे केसासारखी रेघ दिसते, मग तिच्यावर आणखी एक पट्टी बसते. एकावर एक चार पट्ट्या असलेल्या ट्रॉल्या सर्रास पाहायला मिळतात. म्हणून ट्रॉली मजबूत करायची म्हणजे लोखंड वाढवायचं, ही समजूत कामाला हात घालण्याआधीच सोडावी लागते. भार एका भागाकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकला पाहिजे. पुढचं सगळं काम याच हिशेबानं केलं आहे.

ट्रॉली सपाट हौद्याची, १० बाय ६ फूट, एकाच आसाची, दोन्ही बाजूंना कमानी पाटे आणि ९.००-१६ चे टायर. फाळकी काढता-घालता येणारी. उसाच्या पट्ट्यात अशी ट्रॉली वर्षभर राबते: बेणं, शेणखत, विटा, खडी, पाइप, कडबा, जे असेल ते. भार चार टनांचा धरला. मूळ बांधणीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेचे, दोन चॅनेल चार इंची, म्हणजे १०० बाय ५०, त्यांच्यावर आडवे तीन इंची, म्हणजे ७५ बाय ४०, आणि वर ३ मिमी पत्रा. दांडीही तीन इंची दोन चॅनेलची, पुढे निमुळती होत जाणारी. तिची मागची दोन्ही टोकं हौद्याच्या पुढच्या आडव्या चॅनेलला तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली होती.

आधी ट्रॉली रिकामी करून पाण्याच्या दाबानं धुतली. चिखल आणि शेणखताचे थर निघाल्याशिवाय काहीच खरं दिसत नाही. पत्रा उपटला, चारही कोपरे टेकूच्या घोड्यांवर घेतले आणि नळीच्या लेव्हलनं सपाटीत आणले. मग संशयाच्या प्रत्येक जागी तारेच्या ब्रशनं रंग काढला. भेग शोधायला रॉकेल आणि खडू पुरतात. रॉकेल लावायचं, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं आणि रेघ लांबीसकट दिसते. डोळ्यांना दिसणारी भेग दोन इंच असेल तर खडूत ती बहुधा तीन-साडेतीन इंच निघते, आणि कापायचं ते या मापानं.

गंजाचा अंदाज हातोडीच्या आवाजावरून येतो, पण निर्णय व्हर्नियरनं जाडी मोजून घ्यावा. चार इंची चॅनेलची उभी भिंत, म्हणजे वेब, नवी असताना ४.७ मिमी असते आणि वरची-खालची फ्लँज ७.५ मिमी. या ट्रॉलीत पत्र्याच्या सांध्यांखाली वेब तीन मिमीच्या आत आली होती. खत आणि ओल तिथे साचून राहते, त्यामुळे गंज मधोमध कमी आणि अशा कोपऱ्यांत जास्त. पाव जाडी गेली असेल तर तो चॅनेल ठेवायचा नाही, हा आमचा नियम. उभे दोन्ही बदलायचे ठरले. आडव्या आठांपैकी पाच चांगले निघाले, ते ठेवले.

गॅस कटर पेटवण्याआधी एक गोष्ट पाहायची: चासी क्रमांक कुठे ठोकलेला आहे. तो बहुधा दांडीवर किंवा पुढच्या उभ्या चॅनेलवर असतो. तो तुकडा कापून भंगारात गेला तर ट्रॉली कागदोपत्री कोणाचीच राहत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्यानं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा हौद्याची लांबी-रुंदी, आसांची संख्या आणि टायरचं माप बदलायचं नाही, आणि क्रमांक असलेल्या भागाला हात लावावा लागणार असेल तर आधी आरटीओत विचारून, लेखी परवानगी घेऊन मगच. इथे क्रमांक पुढच्या आडव्या चॅनेलवर होता आणि तो चॅनेल चांगला होता, म्हणून तो जागच्या जागी ठेवून बाकीची बांधणी त्याच्याभोवती केली.

आता हिशेब. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दांडी का तुटते ते इथेच कळतं.

हौद्याची लांबी ३.०५ मीटर. आस हौद्याच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे. हौद्याच्या तोंडापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकाला जोडायच्या कड्यापर्यंत, दांडी १.४ मीटर. म्हणजे डोळ्यापासून आसापर्यंतचं अंतर सव्वातीन मीटरच्या थोडं आत. माल सारखा पसरला असेल तर ३० भागिले ३२२, म्हणजे सुमारे ९ टक्के भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चार टनांना अंदाजे ३७० किलो. हा भार दांडीला हौद्याच्या तोंडाशी वाकवतो: ३७० गुणिले १.४, म्हणजे ५१८ किलोग्रॅम-मीटर. तीन इंची चॅनेलचा वाकाला विरोध करणारा आकडा, सेक्शन मॉड्युलस, २०.३ घन सेंटिमीटर. दोहोंचे मिळून ४०.६. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला जवळपास १२७५ किलो ताण येतो, तोही ट्रॉली उभी असताना. पाणंदीतल्या खड्ड्यात चाक आपटलं की हा ताण सहज दुप्पट होतो. साध्या पोलादाची वाकून परत न येण्याची मर्यादा चौरस सेंटिमीटरला अडीच हजार किलोच्या आसपास. म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात दांडी त्या मर्यादेला टेकून येते, आणि नेमकी त्याच जागी आडवी वेल्डची रेघ. वेल्डच्या कडेचं लोखंड वारंवार येणाऱ्या ताणाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी कमी टिकतं. तिथेच भेग पडणार.

उभ्या चॅनेलचा हिशेब वेगळा निघतो. त्यांच्यावर सर्वांत जास्त वाक मागच्या हँगरपाशी येतो, कारण त्यामागे पाऊण मीटरहून जास्त हौदा अधांतरी असतो. तिथे चार इंची चॅनेलमध्ये ताण चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३० किलो. दांडीच्या निम्म्याहून कमी. तरीही ट्रॉली मजबूत करायला सांगणारे बहुतेक जण उभ्या चॅनेलवर पट्ट्या मारायला सांगतात आणि दांडी तशीच ठेवतात. उभे खरोखर गंजले नसते तर आम्ही बदललेही नसते.

उभे बदलायचेच होते म्हणून पाच इंची घेतले, १२५ बाय ६५. चार इंची मीटरला ९.२ किलो आणि पाच इंची १२.७ किलो. दोन उभ्यांत मिळून फरक जेमतेम २१ किलोंचा. मॉड्युलस मात्र ३७.३ वरून ६६.६ वर जातो, म्हणजे पाऊणपटीहून जास्त वाढ. लोखंड उंचीत वाढवलं तर असा फायदा मिळतो. तेच २१ किलो पट्ट्या म्हणून वेबवर चिकटवले असते तर निम्माही मिळाला नसता. वजन वाचवणं महत्त्वाचं, कारण या प्रकारच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. जे काही वाढवाल ते उतारावर ट्रॅक्टरच्या ब्रेकवर जातं.

पाच इंची चॅनेल पेटी करून, म्हणजे उघडी बाजू पट्टीनं बंद करून घ्यावा असा आग्रह अनेकदा होतो. आम्ही ते करत नाही. बांधावरून जाताना एक चाक खाली आणि एक वर असतं, तेव्हा चासीला पिळा बसतो. उघडा चॅनेल पिळून परत सरळ होतो. अर्धा भाग पेटी केला तर पिळा उरलेल्या अर्ध्यात साठतो आणि पेटी संपते तिथे चॅनेल फाटतो. पूर्ण पेटी केली तर आडव्यांचे सांधे उकलायला लागतात, आणि आत पाणी शिरलं की गंज दिसतही नाही.

दांडी पूर्ण नवी केली, चार इंची चॅनेलची. त्यानं ताण १२७५ वरून ६९५ च्या जवळ आला, खड्ड्यातला दुप्पट धरला तरी चौदाशेच्या आत. पण माप वाढवण्यापेक्षा जोडणी बदलणं जास्त मोलाचं ठरतं. नव्या दांडीचे दोन्ही हात हौद्याच्या तोंडाशी संपत नाहीत. ते पुढच्या आडव्याखालून सरळ मागे जातात आणि सुमारे ७०० मिमी आत उभ्या चॅनेलच्या पोटाखाली येऊन मिळतात. उभ्या दोहोंत अंतर ९०० मिमी, त्यामुळे हौद्याच्या तोंडाशी हातांमधलं अंतर ६०० मिमी येतं. प्रत्येक हात सव्वादोन मीटरच्या थोडा आत, एकसंध, मध्ये सांधा नाही.

या मांडणीत वाक सर्वांत जास्त हौद्याच्या तोंडाशीच येतो, पण तिथे आता अखंड चॅनेल आहे. मागच्या टोकाशी वाक शून्यावर येतो. म्हणून पुढे बोल्ट आणि मागे वेल्ड. पुढच्या बाजूला उभ्यांच्या तोंडात पाच इंची चॅनेलचा तुकडा बसवला, वेबला वेब लावून. चासी क्रमांकाचा जुना तीन इंची आडवा त्याच्यावर आला. दांडीचा हात या तुकड्याला १० मिमी जाडीच्या अँगल क्लीटनं, म्हणजे काटकोनी जोडतुकड्यानं, आणि प्रत्येकी दोन १६ मिमी बोल्टांनी धरला, ८.८ ग्रेडचे, नायलॉक, म्हणजे हिसक्यानं न सुटणाऱ्या, नटासह. भोकं दांडीच्या वेबच्या मधोमध. तिथे वाकाचा ताण नगण्य असतो. फ्लँजला ना भोक, ना वेल्ड. भोकं ड्रिलनं पाडायची. गॅसनं पाडलेल्या भोकाची कड कडक आणि खडबडीत होते आणि बोल्ट एका बाजूला टेकतो.

मागच्या टोकाला हात आणि उभा चॅनेल यांच्यात साधारण २०० मिमी लांबीची कडेची वेल्ड दिली, दोन्ही बाजूंना, ६ मिमी मापाची. टोकाला आडवी वेल्ड नाही. हाताचं टोक तिरपं कापून खालच्या बाजूला निमुळतं केलं, म्हणजे त्याचा ताठपणा हळूहळू संपतो. या टोकावर साधारण ७४० किलो आणि पुढच्या टेकूवर सुमारे १,१०० किलो भार येतो, दोन्ही हात मिळून. खड्ड्यात दुप्पट धरला तरी वेल्ड आणि बोल्ट यांना तो जड नाही.

एक गोष्ट यात बदलते: दांडी उभ्यांच्या खाली गेल्यानं डोळा पूर्वीपेक्षा खाली येतो. ट्रॅक्टर सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून, हुकाची उंची मोजायची आणि भरलेल्या ट्रॉलीचा हौदा समतल राहील अशा उंचीवर डोळ्याची बैठक बांधायची. इथे बैठक दोन्ही हातांच्या वर घेतली. डोळा घडीव लोखंडाचा, तयार मिळतो तो. पट्टीला भोक पाडून बनवलेला डोळा लवकर लांबट होतो. मग पिन आत आपटते आणि प्रत्येक गिअर बदलताना दांडीला हिसका बसतो. बैठकीशेजारी साखळीसाठी १६ मिमी सळईचं कडं वेल्ड केलं. पिन निसटली तर ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटता कामा नये.

आस मागे सरकवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण हुकावर वजन आलं की ट्रॅक्टरचं मागचं चाक घसरत नाही. याच ट्रॉलीत आस आणखी १५ सेंटिमीटर मागे नेली तर हुकावरचा भार ३७० वरून ५३० किलोच्या पुढे जातो. दांडीचा ताण त्याच प्रमाणात वाढतो, आणि लहान ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. आस होती तिथेच ठेवली.

जोडणी करताना क्रम असा ठेवला: उभे, पुढचा तुकडा, मग आडवे, आणि दांडी सर्वांत शेवटी. आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढी कच्ची वेल्ड. १० बाय ६ च्या चौकटीचा कर्ण ११ फूट ८ इंच येतो; दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडून चौकट ठोकून सरळ करायची. नंतर पक्की वेल्ड मध्यापासून बाहेर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, एका जागी सलग नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वेल्ड करत गेलं की चौकट ओढली जाते आणि पाच इंची चॅनेलसुद्धा धनुष्यासारखा वाकतो.

आडव्यांची फ्लँज उभ्यांच्या फ्लँजवर बसते तिथे चारही बाजूंनी वेल्ड देण्याची सवय सोडावी. उभ्याच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या दोन रेघा पुरतात. उभ्याच्या फ्लँजला आडवी कापणारी रेघ म्हणजे पुढच्या भेगेला जागा करून देणं. हँगरपाशी तर हा नियम कटाक्षानं पाळला.

वेल्डिंगचे रॉड दोन नंबरांचे वापरले. आडवे, पत्रा, कडा यांना नेहमीचा ६०१३, ३.१५ मिमीच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर. दांडीचं मागचं टोक, हँगर आणि डोळ्याची बैठक यांना ७०१८, १०० ते १४० अँपिअर. या रॉडच्या वेल्डमध्ये हायड्रोजन कमी राहतो आणि तडा जायचा धोका घटतो, पण रॉड कोरडा असेल तरच. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ७०१८ वापरण्यापेक्षा ६०१३ बरा. पुडा फुटला की रॉड अडीचशे ते तीनशे अंशांना तासभर भाजून घ्यायचे आणि गरम डब्यात ठेवायचे. गावाकडच्या साध्या ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशीनवर हा रॉड नीट पेटत नाही. डीसी इन्व्हर्टर मशीन लागतं, रॉड धन टोकाला जोडून. विहिरीवरून लांबलेल्या बारीक केबलवर मशीन लावलं तर व्होल्टेज पडतं, डायलवर १२० दिसतात आणि रॉडला ९० मिळतात. वेल्ड वरून भरल्यासारखी दिसते, आत चिकटलेली नसते. त्यामुळे केबल जाड आणि आखूड.

अर्थ क्लँप ज्या तुकड्यावर वेल्ड चालू आहे त्यावरच लावायचा. तो चाकाकडच्या बाजूला लावला आणि वेल्ड दांडीवर केली तर करंट बेअरिंगमधून वाहतो, रोलरवर ठिणगीचे बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगसुद्धा थोड्याच दिवसांत घरघरू लागतं. याच कारणासाठी हबचं काम सगळं वेल्डिंग संपल्यावर घेतलं.

ठेवलेल्या पाच आडव्यांपैकी एकाला छोटी भेग होती. भेगेच्या टोकाला, खडूत दिसली तिथून थोडं पुढे, ६ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरनं भेग पूर्ण उघडून साठ अंशांची चर केली, तळाशी २ मिमी फट ठेवून भरली आणि वरून घासून मूळ पातळीला आणली. पट्टी मारली नाही. नीट भरलेली आणि घासलेली वेल्ड पट्टीपेक्षा जास्त टिकते.

हँगरखाली जुन्या पद्धतीत चौकोनी पट्टी चारही बाजूंनी वेल्ड केलेली असते. तिच्या पुढच्या कडेला चॅनेलच्या फ्लँजमध्ये भेग उठते. नव्यात ८ मिमी जाडीची पट्टी घेतली, दोन्ही टोकं पतंगासारखी टोकदार कापून. वेल्ड फक्त लांब कडांना, टोकापासून अलीकडे थांबवलेली. शिवाय प्रत्येक हँगरच्या वर चॅनेलच्या पोटात ६ मिमीचा उभा आधार दिला, नाहीतर आपटताना खालची फ्लँज वर दुमडते. हा आधार वेबला आणि वरच्या फ्लँजला वेल्ड केला. खालच्या फ्लँजला फक्त घट्ट टेकवला.

पाटे उतरवून सुटे केले. मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ आणि मधल्या बोल्टच्या भोकापाशी भेग शोधायची. भेगाळलेला पाटा वेल्ड करायचा नाही, कोणी कितीही सांगो. स्प्रिंगचं पोलाद उष्णतेनं कडक आणि ठिसूळ होतं आणि तो पाटा भरल्या ट्रॉलीखाली एकदम तुटतो. इथे डाव्या बाजूचा दुसरा पाटा तुटका होता. एकच बदलला तर डावी-उजवी बाजू वेगळी दबते, म्हणून दोन्ही बाजूंचे संच कमान मोजून जुळवले. पाटे घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस दिलं, सगळे बुश आणि शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक झुलतं ठेवणाऱ्या कडीच्या, पिना नव्या टाकल्या. आस पाट्यांना बांधणारे यू बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. ते एकदा ताणले गेले की तेवढी पकड परत देत नाहीत. नवे यू बोल्ट तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. यू बोल्ट ढिले राहिले तर आस मागेपुढे सरकते, मधला बोल्ट एकटा सगळा झटका घेतो आणि कातरला जातो. पाटे तुटायचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आस बसवल्यावर डोळ्याच्या केंद्रापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावला. दोन्ही मापं ३ मिमीच्या आत जुळली पाहिजेत. नाहीतर ट्रॉली रस्त्यावर तिरकी धावते आणि एका बाजूचा टायर खाते. आस वाकलेली आहे का ते पाहायला दोन्ही टायरच्या मधोमध खडूची खूण करून पुढून आणि मागून अंतर मोजायचं, मग चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा.

हबमध्ये बाहेरचं आणि आतलं अशी दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. धुतल्यावर रोलर निळसर दिसले तर ते तापले आहेत. कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या अंतराने ठसे असतील तर आपटून बसले आहेत. दोन्ही स्थितींत कप आणि कोन, म्हणजे रोलरसह आतलं कडं, जोडीनं बदलायचे. नंबर कोनावर कोरलेला असतो, तोच दुकानात दाखवायचा. कप हबमध्ये किंवा कोन आसाच्या टोकावर फिरत असेल तर छिन्नीचे ठिपके मारून घट्ट करण्याचा प्रकार चार दिवस टिकतो. टोक वेल्डनं भरून लेथवर पुन्हा मापात आणावं लागतं किंवा बदलावं लागतं. इथे दोन्ही टोकं मापात होती. ऑइल सील मात्र दोन्ही नवे. लिथियम ग्रीस रोलरांच्या आतपर्यंत हातानं दाबून भरलं आणि हबची पोकळी साधारण एक तृतीयांश भरली. पूर्ण भरली तर ग्रीस तापून सीलमधून बाहेर पडतं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं. चाक जड फिरू लागलं की नट पुढची खाच जुळेपर्यंत मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन टाकायची.

पत्रा ३ मिमीचाच घेतला. या हौद्याला तो १३० किलो भरतो; ४ मिमीचा १७५ किलो. आठ आडव्यांमध्ये अंतर ४३५ मिमीच्या जवळपास आहे, तेवढ्यावर ३ मिमी पुरेसा ताठ राहतो. विटा आणि खडी रोजची असती तर ४ मिमी घेतला असता. पत्रा आडव्यांना दर २०० मिमीवर ५० मिमीच्या टाक्यांनी धरला. टाक्यांमधल्या फटीत पाणी आणि युरियाचं पाणी शिरतं आणि तिथूनच जुने चॅनेल गेले होते, म्हणून पत्रा टाकण्याआधी आडव्यांच्या वरच्या फ्लँजला प्रायमर आणि पत्रा बसल्यावर फटीत पॉलियुरेथेन सीलंट. भोवती ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, त्याला दर दोन फुटांवर दोर बांधायची कडी आणि खुंटांसाठी चौकोनी नळीचे तुकडे, खालून उघडे, म्हणजे माती आणि पाणी साचत नाही.

रंगाआधी वेल्डची खपली आणि उडालेले थेंब पूर्ण काढले. उरलेल्या खपलीवरून रंग पहिल्याच पावसात सुटतो. रेड ऑक्साइडचे दोन हात, कोपऱ्यांत ब्रशनं, मग इनॅमल. वेल्डचे महत्त्वाचे सांधे, म्हणजे दांडीची मागची टोकं आणि चारही हँगर, मुद्दाम फिक्या रंगानं रंगवले; भेग उठली तर फिक्या रंगात गंजाची रेघ लगेच दिसते. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर दिवे नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मागचे दिवे सात पिनांच्या सॉकेटसह बसवले आणि वायर नळीतून नेली.

शेवटी भाराची तपासणी. रिकाम्या ट्रॉलीच्या उभ्या चॅनेलखाली पुढून मागपर्यंत दोरी ताणून मध्यावर आणि मागच्या टोकावर खूण केली. सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या सारख्या पसरून आधी दोन टन, म्हणजे ४० गोण्या, मग चार टन. प्रत्येक टप्प्यावर किती वाकलं ते लिहून ठेवलं. भार उतरवल्यावर दोरी पहिल्या खुणेवर यायला हवी, आणि ती आली. ती आली नसती तर कुठेतरी सांधा सरकलाय किंवा लोखंड मर्यादेपलीकडे गेलंय असा अर्थ. पाटेही डावी-उजवीकडे सारखेच दबले.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू बोल्ट, चाकांचे नट आणि दांडीचे बोल्ट पुन्हा आवळायचे. पाट्यांचे थर एकमेकांत बसतात आणि रंगाचा पापुद्रा दबतो, त्यामुळे यू बोल्ट थोडे ढिले पडतातच. आठवड्यानं पुन्हा एकदा. हब हाताला चटका बसेल इतका तापला तर नट जास्त आवळला आहे किंवा सील घासतोय. ट्रॉली तशीच पुढे न्यायची नाही. टायरमध्ये हवा दोन्ही बाजूंना सारखी आणि टायरच्या भिंतीवर त्या प्लायसाठी लिहिलेल्या मर्यादेतच ठेवायची.